जिंकलेला शर्ट

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी विहिरीला भ्यायचो, मग मास्तरांना, मग बायकोला. गेली दोन वर्षं मात्र मी आमच्या फुटबॉल क्लबाला भितो. हरण्याला नव्हे. तो गोल करेल याला.

कारण माझा थोरला भाऊ. त्याला सगळं गाव अण्णा म्हणतं, मीही म्हणतो. दोन वर्षांमागं त्याच्या छातीत कळ आली, सोलापूरला नेऊन दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना एकदम दुःख नको आणि एकदम आनंदही नको. तेव्हापासून घरात पाळणा हलला तरी आम्ही अण्णाला बेताबेतानं सांगतो. पण क्लब सोड म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. तरुणपणी तो याच क्लबाचा गोलकीपर होता. तेव्हा आमचा बसवकल्याण भागातला हा क्लब उदगीरपासून जहिराबादपर्यंत कुणाला ऐकत नसे. आता चांगली पोरं हैदराबाद-पुण्याला नोकरीला गेली, उरलेली क्रिकेटला लागली, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी कॅप्टन अकरा जण गोळा करत घरोघर फिरतो. हुमनाबादला आम्ही चार गोल खाल्ले, भालकीला सहा. औरादच्या काळ्या मातीत आमचा गोलकीपर चिखलात रुतलेला बूट उपसत होता, तेवढ्यात त्यांनी गोल मारून घेतला.

अण्णानं एकही मैदान चुकवलं नाही. आम्ही चार म्हातारे भाड्याची जीप करून जातो. बाकीचे सामना बघतात, मी अण्णाला बघतो. जिभेखाली धरायची गोळी माझ्या शर्टाच्या खिशात असते. आमच्यावर तीन गोल झाले की अण्णा नुसता "हं" म्हणतो आणि शेंगा फोडत बसतो. मग मी निवांत. खरं सांगतो, प्रत्येक मैदानावर मी आपल्याच क्लबाला हरू दे म्हणून दत्ताला साकडं घातलंय. लाज वाटते, पण भीतीपुढं लाजेचं काही चालत नाही.

आता शर्टाचं. आमचा चौघांचा एक नेम आहे. शेवटचा सामना जिंकला तेव्हा अंगात जे होतं तेच घालायचं, आणि पुन्हा जिंकेपर्यंत ते धुवायचं नाही. गेल्या वर्षी जिंकून तीन पावसाळे झाले होते. त्यामुळं ते शर्ट कुठलीही बायको घरात ठेवू देत नसे. ते एका पोत्यात असत आणि पोतं जीपमध्ये. मैदानावर पोचलं की गोलपोस्टामागं उभं राहून अंगातला शर्ट काढायचा, पोत्यातला घालायचा. मी एकदा नाकाला रुमाल लावला तर अण्णा म्हणाला, "कामून? जिंकायचं न्हाई का तुला?"

मी खोटंच "व्हय" म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात अफजलपूरला सामना होता. शर्ट बदलले, काढलेले पोत्यात भरले, पोतं जीपमध्ये टाकलं. जीपवाला म्हणाला, "स्टँडावर गाणगापूरची मानसं उभी हायत. एक फेरी मारून येतो." आम्ही जा म्हणालो. समोरचा संघ तगडा होता, मी शेंगांची पुडी सोडली.

विसाव्या मिनिटाला आमच्या एका पोरानं लांबून उगाच बॉल मारला आणि तो त्यांच्या गोलकीपरच्या पायांतून आत गेला. अण्णा ताडकन उठला. माझा हात सवयीनं खिशाकडं गेला. अंगात तो जिंकलेला पिवळा टीशर्ट, त्याला खिसाच नाही. एरवी जीप मैदानाच्या कडेलाच उभी असायची, म्हणून कधी अडलं नव्हतं. गोळी माझ्या शर्टात, शर्ट पोत्यात, पोतं जीपमध्ये, आणि जीप दत्ताच्या दारात.

लघवीचं निमित्त करून रस्त्यावर पळालो. रविवार होता, मेडिकलचं शटर खाली. जीपवाल्याचा फोन लागेना. परत येऊन अण्णाशेजारी बसलो. त्यांचा गोल व्हावा म्हणून देवाच्या मागं लागलो, पण त्या दिवशी आमचं पोरगं न् पोरगं जीव तोडून खेळत होतं.

शेवटची पाच मिनिटं उरली असतील. रेफरीनं त्यांना पेनल्टी दिली. अण्णा हळूच खाली बसला. कपाळावर घाम.

"गोळी दे," तो म्हणाला.

"शर्टात ऱ्हायली, अण्णा. पोत्यातल्या."

तो चिडला नाही. त्यानं फक्त मान हलवली, आणि मी पार घाबरलो. "कुणाकडं गोळी हाय का," मी ओरडलो.

लिंबाच्या सावलीत अण्णाच्याच वयाचा एक अफजलपूरकर सामनाभर आम्हाला कन्नडमधून शिव्या घालत बसला होता. तो उठून आला. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, गोळी अण्णाच्या तोंडाशी धरली.

"जिभेखाली धरा अण्णा. गिळू नका. माझं बी तेच दुखणं हाय." मग तो मैदानाकडं पाठ करून अण्णाला टेकून बसला. "आपण दोघांनी बी बघायचं न्हाई," तो म्हणाला, आणि मला म्हणाला, "तुमी बघा. काय झालं ते सावकाश सांगा."

मी खाली पडलेलं पाकीट उचललं. रिकामं होतं.

"दुसरी हाय का?" मी विचारलं.

"न्हाई. येकच होती."

पेनल्टी मारणारा पोरगा बॉल ठेवत होता. गोल झाला तर अण्णाचं काय होईल, आणि नाही झाला तर या माणसाचं? दत्ताला हाक मारायला तोंड उघडलं आणि पुढं काय मागावं ते सुचेना. शिट्टी वाजली तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले. सगळं मैदान हळहळलं.

"काय झालं?" दोघांनी एकदम विचारलं.

"वरनं गेला," मी अंदाजानं म्हणालो.

अण्णानं त्या माणसाचं मनगट धरलं. मी त्याच्या ओठांकडं बघत होतो, निळे पडताहेत का म्हणून. मग तो म्हणाला, "ते पोरगं नेहमीच वर मारतंय," आणि दोघं हसायला लागले. मला हसू आलं नाही. जीप आली तशी मी पोतं रस्त्यावरच उपडं केलं, गोळ्यांचं अख्खं पाकीट त्याच्या खिशात घातलं आणि अण्णाला डॉक्टरकडं नेलं.

अण्णा बरा आहे. शर्ट धुतले. माझ्या पिवळ्याला बायकोनं खिसा शिवून दिलाय, त्यात मी दोन पाकिटं ठेवतो. नव्या मैदानावर गेलो की आधी समोरच्या गावाची म्हातारी माणसं न्याहाळतो, कुणाचा हात छातीकडं जातोय का ते. आमचा क्लब पुन्हा हरायला लागलाय, पण आता मी दत्ताकडं काहीच मागत नाही.