हळदीच्या बॅनरवरची साठ तोंडं

निकेश करंजाड्यात लग्नाच्या हळदीचे बॅनर बनवतो. एका बॅनरवर साठेक पाहुणे असतात आणि प्रत्येकाचं तोंड फोटोतून हातानं कापावं लागतं. फोटोचं सॉफ्टवेअर फुकटचं. ते बनवणाऱ्यांच्या सूचनांच्या पानावर एकदा त्यानं चिडून, मोबाइलवरून इंग्रजी करून लिहिलं, ‘सगळी तोंडं एका बटणात कापली पाहिजेत. दोन वर्षं सांगतोय. झोपलात काय? जमत नसेल तर बंद करा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बनवणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं होतं. ‘मी शाळेत शिकवतो. हे काम रविवारी, बिनपगारी करतो. उशीर झाला, खरंय. बटण तपासायला दहा फोटो पाठवाल का?’

निकेशनं ते आईला वाचून दाखवलं. मालूबाई भाजी निवडत होती.

“म्हंजे फुकट जेवलास, आन वाढनाऱ्यालाच शिव्या दिल्यास.”

“माना वाटला, कंपनी हाय.”

“कंपनीत मानसा नसतान काय?”

निकेशनं दहा फोटो पाठवले, खाली ‘माफ करा, सर’ लिहिलं. मग आपलं आधीचं लिहिणं पुसायला गेला, तर तिथे पुसायची सोयच नव्हती. पान उघडणारा प्रत्येक जण आधी तेच वाचणार होता.