एकतीस कॅमेरे आणि एक अट

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा गायकवाड म्हणजे माझ्या दादाची हॉस्पिटलमधली सहकारी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्वतः काढलेले फोटो दाखवायला लालबागला त्याच्या खोलीवर जायची. "शालूताई, दहा मिनिटं दार वाजवतेय. सर उघडत नाहीयेत. आतून कडी आहे..." एवढंच म्हणाली. मी दादरला राहते. टॅक्सीने पोचेपर्यंत चाळीतल्या माणसांनी कडी तोडली होती. दादा खाटेवर उजव्या कुशीवर झोपलेला होता. पहाटे कधीतरी, झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. चेहऱ्यावर त्रासाची एक रेघ नव्हती. प्रज्ञा फोटोंचा लिफाफा छातीशी धरून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

पुढचे दहा-बारा दिवस माणसं येत राहिली. दादाच्या तसबिरीला नमस्कार करून झाला की त्यांची नजर भिंतीतल्या मोठ्या कपाटाकडे जायची. त्या कपाटात एकेकाळी एकतीस कॅमेरे आणि चाळीसेक लेन्स होत्या. आता तिथे एकच कॅमेरा होता. कुणी सरळ विचारलं, "कॅमेरे कुठे गेले?" कुणी आवाज खाली आणून, "विकले का हो शेवटी?" लांबच्या नात्यातल्या एका काकांनी तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते गोणीत भरून नेले. तेव्हा मी कुणाला काही बोलले नाही. आज दीड महिन्यानंतर सांगते आहे. ते कॅमेरे कमी करणं हे दादाच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. ते त्याने स्वतः, पूर्ण विचार करून, हट्टाने केलं. आणि त्यात मी त्याच्या विरोधात होते, हेही इथे सांगायला हवं.

दादाचं नाव सदानंद. आमचे वडील गिरणीत होते, आई मालवणकडची. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये फोटोंचा विभाग असतो आणि तिथे माणसं नोकरी करतात, हे दादाला ती नोकरी लागेपर्यंत आमच्या चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं. ऑपरेशनआधीची जखम, नंतरची जखम, वाकडं हाड, सरळ झालेलं हाड असे फोटो डॉक्टरांना नोंदीसाठी आणि शिकवण्यासाठी लागतात. ते दादा काढायचा. चौतीस वर्षं त्याने हेच केलं. लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारलं की हसायचा आणि चहा टाकायला उठायचा.

नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट तो नेहमी सांगायचा. वरळी कोळीवाड्यातली जनाबाई नावाची एक बाई आली होती. बोटीच्या दोरात सापडून तिचा हात फाटला होता. टाके निघाल्यावर दादा तिच्या हाताचा फोटो काढायला गेला, तर ती म्हणाली, "अरे दादूस, निसता हाताचाच फोटो काय काढतंस? तोंड काढ ना माझं. हात बघून कोण ओळखील मला?"  दुसऱ्या दिवशी त्याने घरून स्वतःचा कॅमेरा नेला आणि वॉर्डच्या खिडकीशी बसवून जनाबाईचा चेहरा टिपला. मग ती पद्धतच पडली. बरा होऊन घरी निघालेल्या माणसाला फोटो हवा असेल, तर दादा स्वतःच्या कॅमेऱ्यावर एक काढायचा आणि छापून पत्त्यावर पाठवायचा. जनाबाई पुढे कितीतरी वर्षं पावसाळ्याआधी न चुकता पापलेट पाठवायची.

कॅमेरे साठत गेले ते मात्र वेगळ्या कारणाने. गिरगावातले, दादरमधले जुने फोटो स्टुडिओ एकामागून एक बंद होऊ लागले. दादाची सगळ्यांशी ओळख. दुकान आवरताना मालक म्हणायचा, "सदाभाऊ, तुम्हीच न्या. निदान भंगारात जाणार नाही." आणि दादाला नाही म्हणता यायचं नाही. घडीचे, पेटीसारखे, गळ्यात अडकवायचे, छातीशी धरून वरून पाहायचे, असे नाना तऱ्हेचे कॅमेरे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत येत राहिले. आई करवादायची, "डबे ठेवूक जागा नाय आणि ह्यो काचो साठयता!" माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, तेव्हा पाळणा टांगायला दोन ट्रंका हलवाव्या लागल्या. दादाने त्या शेजाऱ्यांच्या पोटमाळ्यावर ठेवल्या आणि बारसं होताच परत आणल्या. त्यावरून मी त्याच्याशी कडाकडा भांडले होते. माझा त्या कॅमेऱ्यांवर तेव्हापासूनच राग.

मुंबईच्या दमट हवेत लेन्सच्या काचेला आतून बुरशी धरते. एका लेन्सला धरली की शेजारच्या लेन्सलाही धोका. म्हणून कपाटात एक छोटा दिवा चोवीस तास जळत ठेवलेला असायचा, आत हवा कोरडी राहावी म्हणून. शिवाय दर रविवारी दुपारी दादा एकेक कॅमेरा बाहेर काढून पुसायचा, त्याची कळ दोन-चारदा दाबायचा. खट्... खट्... बाहेर गॅलरीत बसलेल्यांना त्या आवाजावरून कळायचं की आज रविवार आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्याच्या हातात कंप आला. आधी उजव्या, मग दोन्ही. कंपवात आहे, हळूहळू वाढणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि तीन आठवडे हॉस्पिटलात राहावं लागलं. खोलीची किल्ली माझ्याकडे होती. कपाटातला दिवा बघत जा, एवढंच त्याने सांगितलं होतं. मी दोनदा जाऊन आले, केर काढला, खिडक्या उघडल्या. कपाट मात्र उघडून पाहिलं नाही. आतला दिवा कधीच गेला होता...

घरी आल्यावर त्याने आधी कपाट उघडलं. एकेक लेन्स घेऊन खिडकीशी गेला. अकरा लेन्सच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. मी रडायलाच लागले. म्हटलं, "दादा, तू एवढं एकच काम सांगितलं होतंस मला." त्याने हातातली लेन्स खाटेवर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "शालू, चूक तुझी कशी? एकतीस कॅमेरे सांभाळणारा माणूस आता मीच राहिलो नाही. हे दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं मला." मग जरा थांबून म्हणाला, "आता मी ते कमी करणार. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हाताने."

मला वाटलं, आजारपणातून उठलाय, चार दिवसांनी विसरेल. तो विसरला नाही. पुढच्याच रविवारी त्याने सगळा संसार खाटेवर मांडला. आणि गंमत अशी की ज्या कॅमेऱ्यांचा मी आयुष्यभर राग केला, ते जाणार म्हटल्यावर मीच आडवी आले. मी म्हटलं, "मी येईन दर रविवारी. पुसेन, दिवा बघेन. राहू देत." दादा म्हणाला, "तू जपशील, पण वापरणार नाहीस. न वापरलेला कॅमेरा म्हणजे नुसता डबा. मीही गेली दहा वर्षं डबेच पुसत होतो... खरं सांगायचं तर दोनच वापरत होतो."

गिरगावात एक जुने दुरुस्तीवाले आहेत, दादाच्याच वयाचे. त्यांच्याकडे अकरा लेन्स नेल्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावून प्रत्येक बघितली. "भाऊ, आठ बचेंगी. ये तीन का टाइम खतम." त्या तीन आणि चार बंद पडलेले कॅमेरे दादाने तिथेच देऊन टाकले, दुसऱ्या कुणाच्या दुरुस्तीला सुटे भाग तरी होतील म्हणून. दुकानाबाहेर आल्यावर तो फुटपाथवर पाच मिनिटं नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "परत घ्यायचे का? अजून आत आहेत." तो म्हणाला, "चल, उसाचा रस पिऊ."

बाकीच्यांसाठी त्याने एकच अट घातली. ज्याला कॅमेरा हवा, त्याने महिन्याभरात त्याच कॅमेऱ्यावर काढलेला एक फोटो आणून दाखवायचा. नाही दाखवला तर कॅमेरा परत. सहा साधे कॅमेरे परळच्या शाळेतल्या एका चित्रकलेच्या बाईंनी नेले आणि महिन्याच्या आत मुलांनी काढलेल्या फोटोंचा गठ्ठा आणून टाकला. त्यात निम्मे हललेले होते. दादा दुपारभर ते पाहत बसला होता. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात नोकरी केलेला त्याचा शाळासोबती पक्ष्यांच्या मागे वेडा, त्याला सगळ्यात लांब लेन्स मिळाली. विकला एकही नाही. भेट म्हणूनही दिला नाही. "कामाला लावला" असं तो म्हणायचा.

माझ्या मुलाने, रोहनने, एक घडीचा कॅमेरा मागून घेतला. फार देखणा होता. चामड्याची घडी, पितळी कड. महिना झाला, दोन झाले, फोटो काही आला नाही. एके दिवशी दादा मला न सांगता टॅक्सी करून रोहनच्या घरी ठाण्याला गेला. कॅमेरा दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात, दोन फुलदाण्यांच्या मधे ठेवलेला होता. दादाने सुनेकडून पाणी घेतलं, चहा घेतला, कॅमेरा उचलून पिशवीत घातला आणि निघाला. संध्याकाळी रोहनचा मला फोन. "आई, मामाने घरात येऊन वस्तू काढून नेली. मी काय चोर आहे?" मी भडकले. दादाला फोनवर नाही नाही ते बोलले. म्हटलं, "परक्यांना वाटतोस आणि भाच्याच्या घरातून परत आणतोस? एक आठवण ठेवली त्याने, तर काय बिघडलं?" तो म्हणाला, "आठवण म्हणून काही ठेवायचं असतं, तर शालू, मी एकही दिला नसता." मी फोन ठेवला आणि तीन आठवडे लालबागला गेले नाही.

चौथ्या आठवड्यात गेले, तीही भांडायलाच. तो खिडकीशी बसून एका कॅमेऱ्यात फिल्म भरायचा प्रयत्न करत होता. हात इतके थरथरत होते की फिल्मचं टोक खाचेत जात नव्हतं. पुन्हा, पुन्हा... मी दारात उभी राहून पाहत होते. भांडण कुठल्या कुठे गेलं. मी जाऊन फिल्म हातात घेतली. "सांग, कुठे घालायचं?" त्याने सांगितलं. गेलं. मग मी म्हटलं, "मला एक हवाय. आठवण म्हणून नाही, शिकव मला." त्याने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. "अट माहीत आहे ना?" म्हणाला. "माहीत आहे."

त्रेसष्टाव्या वर्षी मी फोटो काढायला शिकले. त्याचे हात चालत नव्हते, म्हणून त्याला सगळं शब्दांत सांगावं लागायचं. "उजेड कुठून येतोय ते आधी बघ." "श्वास सोड, मग दाब." "जवळ जा. अजून. घाबरतेस काय, खाणार नाही ते माणूस." पहिल्या फिल्ममधला एकही फोटो धड आला नाही. दुसरीतले चार आले. महिना भरायच्या आत ते चार त्याच्यासमोर ठेवले, तेव्हा त्याने तीन बाजूला सारले आणि एक उचलून म्हणाला, "हा घे. कॅमेरा तुझा." परीक्षेला बसवलेल्या पोरीसारखी मी खूश झाले होते.

बाकीचेही, रोहनकडून परत आणलेला धरून, याच अटीवर एकेक करून गेले आणि शेवटी त्याच्याकडे एकच उरला. वॉर्डमधल्या चेहऱ्यांचा, रोजच्या वापराचा. तो मात्र त्याने कुणाला दिला नाही. त्याच्या बाराव्याला रोहन आला होता. मामावरचा राग त्याने कधीच सोडला होता. सगळे गेल्यावर कपाटासमोर उभा राहून म्हणाला, "आई, हा मी नेऊ?" मी विचारलं, "फोटो काढशील?" त्याने कॅमेरा हातात घेऊन पाहिला. मग खरं तेच बोलला, "नाही गं. नुसता जवळ असावा असं वाटतं." माझा मुलगा आहे तो, डोळे भरले होते त्याचे. हो म्हणणं किती सोपं होतं... मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली. रागावला नाही. निघताना मला घट्ट धरून उभा राहिला. कॅमेरा मी दुसऱ्या दिवशी प्रज्ञाला दिला. दादानंतर त्या विभागात बऱ्या झालेल्या माणसांचे चेहरे ती स्वतःहून टिपत आली आहे. तिने अट विचारली नाही, मीही सांगितली नाही.

दादाची एक सवय सांगायची राहिली. फोटो काढण्याआधी तो समोरच्याला पूर्ण नाव विचारायचा. रोजच्या ओळखीचं माणूस असलं तरी. नाव सांगताना माणूस स्वतःच्या चेहऱ्यात येतो, असं त्याचं म्हणणं होतं. परवाच्या रविवारी मी खोली झाडायला गेले होते, तेव्हा शेजारच्या कांबळीवहिनी गॅलरीत चवळी निवडत बसल्या होत्या. ऊन त्यांच्या गालावर बरोबर पडलं होतं. मी कॅमेरा काढला आणि काही ठरवायच्या आत तोंडातून निघून गेलं, "वहिनी, पूर्ण नाव सांगा."

"अगो, चाळीस वर्सा वळाखतंस माका, नि आता नाव इचारतंस?" त्या हसल्या. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले, पदर सारखा केला. "सासरचा सांगू की माहेरचा?"

"तुम्हाला वाटेल ते."

 वहिनी पाठ ताठ करून म्हणाल्या, "इंदुमती भिकाजी परब."

मी श्वास सोडला आणि कळ दाबली.