बाबांची चाल, सिंगापूरची सुरावट

सिंगापूरला जायचं ठरलं ते धाकट्या बहिणीच्या, मेघनाच्या आग्रहामुळे. निघायच्या आदल्या दिवशी बाबांच्या जुन्या शाळेतून फोन आला. त्यांनी लिहिलेली प्रार्थना संगमरवरी पाटीवर कोरून फाटकाशी लावणार होते, खाली ‘शब्द व संगीत’ म्हणून बाबांचं नाव. बाबांनी तिथे आयुष्यभर संगीत शिकवलं. मी पुण्याहून निघाले ती हवेतच.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर विश्वास ठेवू नका. विमानतळावरून MRT म्हणजे तिथली मेट्रो घ्या, एक्स्पोला गाडी बदलली की थेट बुकित पंजांग. मेघनाचा फ्लॅट तिथेच.

दुसऱ्या दिवशी मेघनाची दहा वर्षांची इरा आणि मी बुकित तिमाहला जुन्या रेल्वेमार्गाच्या पायवाटेवर गेलो. रूळ बहुतेक काढलेत, दुतर्फा गर्द झाडी. माकडं आहेत, खाऊ बॅगेतच ठेवा. चालता चालता इरा गुणगुणू लागली. बाबांचीच चाल!

“आईनं शिकवली ना आजोबांची प्रार्थना?” मी विचारलं.

“कुठली प्रार्थना? धिस इज कॅम्पफायर साँग, मावशी. एव्हरीवन नोज, लाह!” तिथल्या इंग्रजीला हे ‘लाह’चं शेपूट असतंच.

मला खरं वाटेना. मेघनानेच कधी अंगाई म्हणून गायली असणार. संध्याकाळी तिला विचारलं तर ती म्हणाली, “छे, मी तर तिला कधीच ऐकवली नाही.” तरी मी तिच्याकडे जरा संशयानंच पाहत राहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी हॉकर सेंटरला, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवायला गेलो. शाकाहारी स्टॉलवर तांदळाच्या शेवयांची मोठी प्लेट चार-पाच डॉलरांत मिळते, फक्त मिरची वेगळी मागा. शेजारच्या टेबलावर सत्तरीचे एक चिनी अंकल माउथ ऑर्गन वाजवत होते. दोन गाणी झाली आणि तिसरी तीच चाल. मी उठून त्यांच्याकडे गेले.

“अंकल, हे कुठे शिकलात?”

“मिशनच्या शाळेत. तुम्हाला येतं?”

“माझ्या वडिलांनी बांधलंय.”

ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. “हे अमेरिकेतलं फार जुनं गाणं. वल्ही मारता मारता गुलाम गायचे म्हणतात. कुणी केलं, कुणालाच माहीत नाही. पुढे चर्चनं घेतलं, मोर्चेवाल्यांनी घेतलं, मग शाळांनी. माझी आई समजायची की ते आमच्या चिनी हक्का लोकांचं आहे!”

त्यांचाही मला संशय आला. दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन गाण्यांची पुस्तकं धुंडाळली. सापडलं. स्वरलिपी तीच, संगीतकाराच्या जागी ‘पारंपरिक, अमेरिकन’. पुढचे दोन दिवस बागा, पूल, रोषणाई सगळं पाहिलं, पण आत एकच प्रश्न घोळत होता: बाबांना हे माहीत होतं का?

घरी पोचल्यावर चहा होताच विचारलं.

बाबांनी रिकामा कप खाली ठेवला. “तरुणपणी एका शिबिरात कुणीतरी गिटारवर वाजवली होती. मनात बसली. शब्द माझेच आहेत गं. पहिल्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, ‘काय सुंदर चाल बांधलीत!’ आणि मी नुसता हसलो.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“दुसऱ्या दिवशी सांगणार होतो.”

त्यांनी लगेच शाळेत फोन लावला. पाटी कोरून झाली होती. “मग मीच येतो,” म्हणाले. कारागिराशेजारी उभं राहून त्यांनी ‘व संगीत’ पांढऱ्या सिमेंटनं बुजवून घेतलं आणि खाली एक बारीक ओळ कोरून घेतली: चाल, अमेरिकेतल्या गुलामांच्या लोकगीताची. कारागिरानं पैसे घेतले नाहीत, पण बाबांकडे विचित्र नजरेनं पाहिलं. तीही बाबांनी निमूट सोसली.

सिंगापूरला जरूर जा, सहा दिवस पुरतात. माझ्यापुरतं सांगायचं तर मला बाबांचा अभिमान आता आधीपेक्षा जास्त वाटतो. फक्त त्यांनी बांधलेल्या आणखी दोन चाली शाळेत रोज गायल्या जातात. त्यांच्याबद्दल विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.