देवमाशाचा मणका

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या त्या कारखान्यात सगळेच आंधळे, आणि त्यातही सगळ्यात आंधळा मुकादम, असं रेडिओ नेहमी म्हणायचा. रेडिओ म्हणजे तिथला एक कामगार. तोंड कधी बंद नसायचं म्हणून हे नाव. बाकीच्यांना निदान उजेड-अंधार तरी कळायचा, मुकादमाला जन्मापासून तेवढंही नाही. मुकादम हसून म्हणायचा, "मला काय कमी आहे? माझ्याकडे बायको आहे."

बायको डोळस होती. लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा त्याच्या सदऱ्यावरचा शाईचा भला मोठा डाग पाहूनही ती "छान दिसताय" म्हणाली, आणि दिवसभर लोक त्याच्या पाठीमागे फिदीफिदी हसले. संध्याकाळी कारण कळलं तेव्हाही त्यानं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, "डोळे तुझे, पण बघायचंय मला. गोड बोलू नकोस. आहे तसं सांग." तिनं कानाला खडा लावला. तेव्हापासून ती "पायरी" म्हणाली की हा पाय उचलायचा. ती बरोबर असली की याची काठी मिटून काखेत. सगळं आयुष्य त्यानं तिच्या शब्दावर उभं केलं होतं म्हणा ना.

तर त्या कारखान्यात सहलीचं खूळ शिरलं. गावात प्राण्यांचं म्युझियम होतं आणि तिथं देवमाशाचा अख्खा सांगाडा ठेवलाय, हे रेडिओनं कुठून तरी ऐकून आणलं. झालं! जो तो देवमाशावर बोलू लागला. मुकादम मात्र हटून बसला. मागे एका संस्थेनं यांना फळांची ओळख करून द्यायला नेलं होतं आणि हातात प्लास्टिकची सफरचंदं ठेवली होती. वर टाळ्याही वाजवल्या. ती सफरचंदं मुकादमाच्या घशात अजून अडकली होती. "खोट्या वस्तूला हात लावायला मी माणसं नेणार नाही," तो म्हणाला. "खरं हाड हातात देणार असतील तर जाऊ. नाहीतर इथंच खुर्च्या विणू."

चौकशीला बायको गेली. परत आली, आधी घटाघटा पाणी प्यायली, मग म्हणाली, "हो म्हणाले. सोमवारी बंद असतं, तेव्हा या म्हणाले. खरा मणका हातात देणार."

मग मुकादमाच्या अंगात वारं शिरलं. बसमध्ये कुणी कुणाशेजारी बसायचं, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर, सगळं त्यानं ठरवलं. अंगठ्या घरी ठेवायच्या, नखं कापायची. आणि सगळ्यात कडक हुकूम म्हणजे सहलीआधीचा आठवडाभर कुणी वेत सोलायचा नाही. वेत सोलून बोटांची टोकं दगड होतात, त्या बोटांना काय कप्पाळ कळणार? तेलाची वाटी फिरू लागली. दुपारी सगळे बोटं चोळत बसायचे. "नवरीला हळद लावावी तसं चाललंय," रेडिओ म्हणाला. मुकादम रात्री घरीसुद्धा बोटं चोळायचा आणि बायकोला विचारायचा, "केवढा असेल गं?" ती म्हणायची, "बघालच की."

सोमवारी सगळे पोचले, बायकोही बरोबर होती. म्युझियमच्या बाई आवाजावरून तरुण वाटत होत्या आणि बोलायला गोड होत्या. लांबलचक टेबलापाशी सगळ्यांना उभं केलं आणि मणके हातोहात फिरू लागले. पहिला मणका मुकादमाच्या हातात आला तेव्हा त्याला हुंदका आवरेना. केवढा तो! दोन्ही हातांत मावेना. कडेला एक छोटा टवका उडाला होता, त्यावरून त्यानं अंगठा कितीदा तरी फिरवला. समुद्रात कुठंतरी आपटला असेल बिचारा, असं त्याच्या मनात आलं.

मग दुसरा मणका आला. त्याच्याही कडेला टवका होता. त्याच जागी, तेवढाच, तसाच. मुकादमानं पहिला परत मागून घेतला. एक हात यावर, एक हात त्यावर. मग बोट खाली सरकवलं, तर दोन्हींच्या पोटाला एकसारखी बारीक शिवण होती, साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथली.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे प्लास्टर आहे ना?"

"हो," बाईही तितक्याच हळू, पण सहज म्हणाल्या. "खरी हाडं काचेआड आहेत, त्यांना कुणालाच हात लावू देत नाहीत. मी तुमच्या मिसेसना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी सांगते सगळ्यांना."

टेबलाच्या पलीकडून रेडिओ ओरडला, "मुकादम, अहो केवढा हा! खराय ना पण?" तेल चोळलेली ती सगळी बोटं मणक्यांवर थांबली. मुकादमाला सफरचंदं आठवली.

"खराय," तो म्हणाला. आणि आपल्याच आवाजाची त्याला किळस आली.

सगळे पुढच्या दालनाकडे निघाले तेव्हा बायको त्याच्याजवळ आली. त्यानं ओळखलंय, हे तिला कळलं होतं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही इतके हट्टाला पेटला होतात. प्लास्टर म्हटलं असतं तर सहलच मोडली असती. ती माणसं इतकी आस लावून बसली होती. मला वाटलं, हाताला काय कळणार? दिसायला अगदी हुबेहूब आहेत हो."

"दिसायला," तो म्हणाला.

ती त्याच्या सदऱ्याची बाही सारखी करू लागली.

"आणखी काय काय हुबेहूब सांगितलंस मला?"

"असं काय बोलता? एवढं एकच."

एवढं एकच. असेलही. पण ते खरं की खोटं, हे आता कुणाला विचारायचं? आजवर असलं काही विचारायचं झालं की तो तिलाच विचारायचा. त्यांच्या पोरीचा चेहरा, घराच्या भिंतीचा रंग, त्याचे स्वतःचे पिकलेले केस, लोक त्याच्याकडे बघून हसतात की नाही, सगळं तिच्याच तोंडून आलेलं. मणक्याला निदान शिवण तरी होती. मुकादमाला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि तोही कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

परत निघताना बाकीचे आनंदात होते. रेडिओ देवमाशाच्या गोष्टी रचत पुढे चालला होता. दाराशी आल्यावर बायकोनं नेहमीसारखा त्याचा दंड धरला.

"पायरी आहे," ती म्हणाली.

मुकादमानं पाय उचलला नाही. काखेतली काठी काढली, सावकाश उघडली आणि पुढे टेकवून बघितली. पायरी होती, तिनं सांगितली तिथंच. तो उतरला. तिचा हातही त्यानं झिडकारला नाही.

काठी मात्र त्यानं पुन्हा मिटली नाही.