लिंबाच्या रोपांची चुगली

रोपवाटिकेत तिला सगळे चुगलीताई म्हणत, आणि ती रागवायची नाही. कामच तसं होतं. मोसंबीत विषाणू शिरला तरी झाड वर्षानुवर्षं सुखाने फळं देतं. पानावर डाग नाही की फांदीवर वाळका शेंडा नाही. म्हणून त्याच्या सालीचा नखाएवढा तुकडा ती लिंबाच्या कोवळ्या रोपात बसवायची. लिंबाच्या पोटात काही राहत नाही. दोन-तीन महिन्यांत त्याच्या नव्या पानांच्या शिरा फिक्या पडल्या, की समजायचं, मोसंबी आजारी आहे. अशी दीडशे रोपं ती जाळीच्या खोलीत डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. मुद्दाम आजारी पाडायच्या रोपांचे एवढे लाड कशाला, असं माळी विचारायचे.

"उपाशी रोप खोटं बोलतं, त्याची पानं नुसत्या भुकेनेही फिकी पडतात," ती सांगायची.

यंदा पाळी मामांच्या झाडाची आली. मामांनीच तिला लहानाचं मोठं केलं होतं आणि कलमाचा चाकूही त्यांनीच हातात दिला होता. त्यांच्या अंगणातली मोसंबी म्हणजे रोपवाटिकेचा मातृवृक्ष. तीस वर्षांत तिथून गेलेल्या प्रत्येक कलमाचा डोळा, म्हणजे ज्यातून नवी फांदी फुटते तो कोंब, त्याच झाडाचा. माझ्या झाडाला काय धाड भरलीय, असं म्हणत मामांनी हसत हसत फांदी कापून दिली.

त्या फांदीची साल लावलेल्या पाचही रोपांच्या शिरा फिक्या पडल्या. चूक आपलीच असेल या आशेने तिने चाकू औषधाच्या पाण्यात बुडवून सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. निरोगी झाडाची साल लावलेली रोपं शेजारी हिरवीगार उभी होती, त्यामुळे पळवाटही उरली नाही.

खोटं कशाला सांगा, गप्प बसावं असंही तिला वाटलं. झाड तर ठणठणीत दिसत होतं. पण मामांच्या घरामागच्या शिक्षिकाबाईंची बाग तिच्या डोळ्यांपुढून हलेना. बाईंनी मामांकडूनच डोळे नेऊन दुसऱ्या जातीच्या खुंटावर, म्हणजे कलमाला मुळं देणाऱ्या रोपावर, बांधले होते. त्या खुंटाला हा विषाणू सोसत नाही; साठ झाडं चार वर्षांत वाळली. तेव्हा मामांनी चारचौघांत सुनावलं होतं, की पुस्तकं वाचून बाग होत नाही, बाईंना पाणीच देता येत नाही. बाईंनी मान खाली घातली ती घातलीच. समोरून मामा येताना दिसले की त्या रस्ता बदलत.

दुपारी ती लिंबाचं फिकं पान घेऊन मामांकडे गेली. मामांनी आधी खत कमी पडलं म्हणून पाहिलं, मग तिच्या हाताला दोष दिला. तो हात आपणच घडवलाय हे लक्षात आल्यावर तेही सोडलं. चष्मा पुसून त्यांनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. शिरा तुटक तुटक, फिक्या दिसत होत्या. तिला फार वाईट वाटलं. झाड तोडावं लागेल हे तिने म्हणायच्या आधीच त्यांनी मान डोलावली, पान कागदात गुंडाळून खिशात ठेवलं आणि चपला पायात सरकवल्या.

"मामा, निघालात कुठे? आधी झाडाचं बोलू."

"झाड कुठे पळून जातंय? बाई पाणी बरोबर देत होत्या, हे त्यांना आजच कळू दे."

फाटकाशी मात्र त्यांचा पाय अडला. लहानपणी ती धरायची तसा त्यांनी तिचा हात धरला, आणि दोघं मागच्या गल्लीत शिरली.