ताईच्या खोलीतला भीमपलास

ताईचा फोन आला तेव्हा मी शेवगावच्या बाजारातून भाजी घेऊन नुकतीच घरी आले होते. पिशवी ओट्यावर ठेवली आणि फोन कानाला लावला.

"तुला तानपुऱ्यावर बसायला यायचंय," ती म्हणाली.

"कुठं?"

"माझ्या घरी."

ताईचं घर हॉलंडमध्ये आहे. तिथे जाऊन तिला आता आयुष्य झालं. राहुरीला शेतकी शिकली, मातीचा अभ्यास करायला म्हणून तिकडे गेली, आणि बरोबर काम करणाऱ्या तिथल्याच एका माणसाशी लग्न करून तिथलीच झाली. मी मागे राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. परदेशी जाण्याचं काही कारणच कधी पडलं नाही. तीच दोन-तीन वर्षांनी यायची.

गाणं आम्हा दोघींना अण्णांनी शिकवलं. अण्णा म्हणजे आमचे वडील; ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेही शिक्षकच. तालुक्यातल्या लहान लहान गावांत त्यांच्या बदल्या होत आणि प्रत्येक गावात आमच्या भाड्याच्या खोलीत आधी तानपुरा टेकवायची जागा ठरे, मग चुलीची. ताईचा गळा देवाने दिलेला. माझं गाणं थोडे दिवस ऐकून अण्णा म्हणाले, "तुझा आवाज बेताचा आहे, पण कान चोख आहे. तू ताईमागे बस." मला वाईट वाटलं नाही. मी खरंच बसले आणि मला तिथे बसायला आवडलं. ती कुठे श्वास घेणार, कुठे थांबणार, हे मला तिच्या पाठीवरून कळायचं.

आदल्या वर्षी ताईच्या गळ्यातल्या ग्रंथीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आवाजाकडे जाणारी एक नस दुखावली गेली होती. बोलणं हळूहळू परत आलं, जरा घोगरं. वरचे सूर मात्र आले नाहीत. ते आता येणार नाहीत असंच धरून चाला, असं तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं. त्यानंतर तिने तानपुऱ्याची खोळ काढली नव्हती. हे मला तिच्या नवऱ्याने इंग्रजीत कळवलं होतं, तिने नाही.

"तू गाणार आहेस?" मी विचारलं.

"माहीत नाही. इथे लोक घरात मैफल करतात, बैठकीच्या खोलीत. शेजारपाजारची वीस-एक माणसं येतील. तू आलीस तर गाईन. नाही आलीस तर सगळ्यांना सूप पाजून घरी पाठवीन."

आमचे हे अंगणात कूलर धुवत होते. त्यांनी अर्धंच ऐकलं होतं, पण तेवढं पुरलं. "जा की," म्हणाले, "मला भाकरी येते, पिठलं येतं. आणखी काय लागतं माणसाला?"

पासपोर्ट निघाला, व्हिसा मिळाला. मळ्यातून दूध घालायला येणाऱ्या मावशींना मी सांगितलं की पुढचे काही दिवस दूध कमी टाका.

"एवढ्या लांब कशाला चालल्या?"

"गाणं ऐकायला."

"आन् हितं काय गानं न्हाई व्हय?"

"माझ्या बहिणीचं गाणं आहे, मावशी. आजारातून उठली आहे ती."

मावशींनी माप किटलीत टाकलं. "मंग जावाच लागंल," त्या म्हणाल्या.

विमानतळावर ताई दिसली तेव्हा मला ती लहान झाल्यासारखी वाटली. गळ्यावर बारीक पांढरी रेघ होती. तिने मला मिठी मारली. भावजी उंच, जवळजवळ दाराला टेकतील एवढे. त्यांना मराठीतली तीन-चारच वाक्यं येतात आणि ती ते कुठेही वापरतात. त्या एवढ्या मोठ्या दालनात, सामानाच्या गाड्या ढकलणाऱ्या माणसांच्या मधोमध उभे राहून ते मला म्हणाले, "या, बसा, चहा घ्या." ताई हसली. तेव्हा कुठे मला ती ताई वाटली.

त्यांचं घर अरुंद, तीन मजली. जिना शिडीसारखा उभा. खालच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने भिंतीएवढी काच, आणि तिला पडदा नाही.

"लोक आत बघत नाहीत?" मी विचारलं.

"बघतात."

"मग?"

"मग काय? हात हलवतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तानपुऱ्याची खोळ काढली. मी सवयीने काळी पाचमध्ये लावायला लागले. लग्नाआधीपासून ताई त्याच पट्टीत गायची. ती खिडकीशी उभी होती. तिकडेच बघत म्हणाली, "खाली घे." मी काळी चार केली. "अजून खाली." तारा ढिल्या पडायला लागल्या, नाद पसरट झाला. मी तिच्याकडे बघितलं.

"काळी दोन," ती म्हणाली. "पुरुषांच्या पट्टीत गाते आता मी."

त्या तारा तेवढं खाली यायला तयार नव्हत्या. भावजींनी कुठून तरी जाड तारा मागवल्या. मी त्या चढवल्या, तारांखालचा दोरा मागेपुढे सरकवत बसले आणि बऱ्याच वेळाने जवारी उघडली. एक गोल, खोल आवाज खोलीत भरला. माझी बोटं हुळहुळत होती. किती वर्षांनी मी हे करत होते.

ताई रोज थोडा वेळ गायची. तोडी, मग भीमपलास. थोडं गाऊन झालं की मध्येच उठायची आणि कुंड्यांना पाणी घालायला जायची. एकदा मी तिच्या मागे गेले. ती कोरड्या नसलेल्या कुंडीत पाणी घालत होती.

"हा माझा आवाजच नाही गं," ती म्हणाली. "मी तोंड उघडते आणि दुसरंच कुणीतरी गातं."

मी घरून हुलग्याचं पीठ नेलं होतं. त्या रात्री मी शेंगोळे केले. ती ताटात वाकून जेवली आणि दुसऱ्यांदा मागून घेतले. भावजींना ते फारच तिखट लागले, त्यांचा चेहरा लाल झाला, तरी त्यांनी ताट पुसून घेतलं आणि म्हणाले, "लई भारी." हे चौथं वाक्य त्यांना कुणी शिकवलं, ते मी विचारलं नाही.

मैफल रविवारी दुपारी होती. मला नवल वाटलं, कारण आपल्याकडे गाणं म्हटलं की दिवेलागणीनंतरच. ताई म्हणाली, "म्हणून तर. दुपारचे राग गायला कधी मिळतच नाहीत. सगळ्या मैफली संध्याकाळी. इथे घर माझं, दुपार माझी. मी भीमपलास गाणार."

जेवणवेळ टळल्यावर मी काचेतून पाहिलं, तर रस्त्याने शेजारी आपापल्या खुर्च्या घेऊन येत होते. एक म्हातारे गृहस्थ स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर उलटी धरून आले. आपल्याकडे सप्ताहाला बायका सतरंजी काखेत मारून येतात, तसंच. माझी धास्ती तिथेच निम्मी झाली. शेजारची एक आजी काठी टेकत आली आणि अगदी पुढे, कडेला, माझ्या जागेसमोर बसली.

तबल्याला सुरीनामहून आलेल्या कुटुंबातले एक गृहस्थ होते, आठवडाभर टपाल वाटणारे. त्यांचे पणजोबा कधीकाळी बिहारातून बोटीने गेलेले. त्यांची हिंदी मला निम्मी कळायची. बसताना त्यांनी मला हात जोडले. "दीदी, घबराइये मत," म्हणाले. मी एवढी घाबरलेली दिसत होते तर.

ताई बसली. निळी साडी, गळ्यावरची रेघ झाकायचा काही प्रयत्न केलेला नाही. तिने डोळे मिटले आणि षड्ज लावला. तिचा तो नवा आवाज जाड होता, थोडी धूळ बसल्यासारखा, पण सुरात होता. विलंबितात ती मंद्रात, मध्यात सावकाश फिरली. गंधारावरून षड्जावर उतरताना तिची मान जशी पूर्वी वळायची तशीच वळली. मला मागून ते दिसलं आणि बरं वाटलं.

द्रुत सुरू झाली. सवय वाईट. बंदिशीच्या अंतऱ्यात ती बेसावध वर गेली, तार षड्जाकडे, आणि तिथे आवाज नव्हताच. नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. तबला दोन आवर्तनं नुसता ठेका देत राहिला, मग तेही गृहस्थ थांबले.

अण्णांनी मला एक गोष्ट पक्की सांगितली होती, की काहीही होवो, तानपुरा थांबवायचा नाही. मी थांबवला नाही. ताईचे खांदे वर आले होते. ती आता उठेल, जिन्याने वर जाईल, असं मला वाटलं. मी थोडी पुढे वाकले आणि आम्ही लहानपणी गल्लीत बोलायचो तशा भाषेत, हळूच म्हणाले, "ताई, घाई काय हाय? बस की निवांत."

तिचे खांदे खाली आले. ती उठली नाही. डोळे मिटून बसली. खोलीत फक्त तानपुरा होता. कुणी खाकरलं नाही, कुणी खुर्ची सरकवली नाही. बाहेर एक सायकल गेली. आत पिवळं ऊन होतं. मी तारा छेडत राहिले, आणि मला आठवत नाही की याआधी कधी मी एकटीने इतका वेळ वाजवलं असेल आणि सगळे ऐकत असतील.

मग ताई गायला लागली. पण भीमपलास नाही. अण्णा रोज रात्री जेवण झाल्यावर भिंतीला टेकून एक अभंग म्हणायचे, तो तिने सुरू केला. खालून, अगदी पंचमाच्या आसपास. अंतरा वर जातो, तिथे तिने तो वर नेलाच नाही. खालच्या सप्तकात म्हटला. अण्णाही तसाच म्हणायचे, कारण त्यांचा आवाज वर जायचा नाही.

आणि मला एकदम आठवलं. अण्णा काळी दोनमध्ये गायचे. हे मला त्याआधी इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. मी स्वतः त्या तारा लावल्या, रोज लावल्या, तरी नाही. ताईच्या गळ्यातून अण्णांचा आवाज येत होता. तोच जाडेपणा, तीच शब्दाच्या शेवटी किंचित घसरण. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हात अडकलेले असल्यामुळे मला ते पुसताही येईना. समोरच्या आजीने पर्समधून रुमाल काढला आणि काठी बाजूला ठेवून, पुढे वाकून माझे गाल टिपले. जणू मी तिचीच कुणी होते.

अभंग संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ताई पाणी प्यायली.

ठरलं होतं त्याच्या निम्मंसुद्धा गाणं झालं नाही. कुणाची तक्रार नव्हती. भावजींनी मोठ्या पातेल्यातून सूप वाढलं, लोक खुर्च्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून प्यायले. ती आजी ताईला काहीतरी विचारत होती. ताईने मला सांगितलं, "ती म्हणते, मध्ये कुणीच गात नव्हतं तो जो भाग होता, त्याला काय म्हणतात?"

"काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. त्याला काही नाव नाही, माझा आवाज गेला होता. तर म्हणते, मला तो फार आवडला."

सगळे आपापल्या खुर्च्या उचलून गेल्यावर आम्ही दोघी वाडगे विसळायला उभ्या राहिलो. ती धूत होती, मी पुसत होते.

"तुला ऐकू आलं?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटलं मलाच भास झाला."

"नाही. अण्णाच होते."

तिने नळ बंद केला. ओले हात तसेच ठेवून माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रडली. मीही. भावजी दारात आले, आम्हाला बघून परत फिरले आणि थोड्या वेळाने दोन कप चहा तिथेच ओट्यावर ठेवून गेले.

मी आणखी काही दिवस राहिले. आम्ही रोज सकाळी बसलो. वरच्या सुरांची वाट ताईने सोडून दिली. ती दुःखी होती असं मी म्हणणार नाही, आणि आनंदात होती असंही नाही. ती त्या आवाजाशी ओळख करून घेत होती. एखादे दिवशी थांबून म्हणायची, "ही जागा अण्णा कशी घ्यायचे गं?" आणि मी माझ्या बेताच्या गळ्याने म्हणून दाखवायची. ती हसायची नाही. नीट ऐकून घ्यायची.

आता ती अधूनमधून त्या खोलीत गाते, नेहमी दुपारीच. मला दर वेळी जाणं जमत नाही. शेजारची ती आजी तिच्याकडे तानपुरा शिकायला येते. परवा फोनवर ताई सांगत होती, "अगं, तिला वाजवायचं थांब म्हटलं तर थांबतच नाही. चहा निवून जातो."

"मग निवू दे," मी म्हटलं.