रबरी पाइप
इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा गोडसर वास आला की मला डोणगावच्या माझ्या गॅरेजमधली ती दुपार आठवते. जानेफळच्या एका कापड दुकानदारांनी हौसेनं जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती आणि उन्हाळ्यात तिचं इंजिन सारखं तापायचं. मी मोठा रेडिएटर, दोन पंखे आणि जास्त दाबाचं झाकण बसवलं, पण रेडिएटरचा जुना रबरी पाइप त्या वाढलेल्या दाबालाही चालेल म्हणून तसाच ठेवला. "आता बिनधास्त पळवा शेठ," मी म्हणालो. आठच दिवसांनी मेहकरच्या रस्त्यावर वाफ दिसली म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं आणि तो पाइप फुटला. उकळतं पाणी तोंडावर उडालं, उजवा डोळा गेला. दोन महिन्यांनी ते एसटीनं माझ्याकडे आले, बाकड्यावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "एकच विचारतो. पाइप बदलला व्हता ना तू?" हातातला पाना मी पुसतच राहिलो. "हाव शेठ, नवाच टाकला व्हता." "मंग माह्यंच नशीब," म्हणत त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. त्याला आता सात वर्षं झाली. अजूनही जानेफळहून कुणी गाडी घेऊन येतं आणि सांगतं, शेठनं पाठवलं, म्हणाले, त्याच्यासारखा इमानदार मिस्त्री या भागात नाही.